घोडीला खरारा, आप्पांना विमा

आमचे घरमालक आप्पा संध्याकाळी अंगणातून एक लोहचुंबक फिरवायचे. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं ताटलीएवढं चुंबक, त्याला सुतळी बांधलेली, आणि सुतळीचं दुसरं टोक आप्पांच्या हातात. शहरातले लोक कुत्रं फिरवतात तसे ते आपल्याच अंगणात गोल गोल फिरायचे. मध्येच थांबून चुंबक उचलायचे, त्याला चिकटलेले तारेचे तुकडे, टाचण्या, लोखंडाचा चुरा बोटाने झटकून डब्यात टाकायचे. हे सगळं मैनासाठी. मैना त्यांची घोडी. अंगणात पडलेला एखादा खिळा तिच्या खुरात जाऊ नये, एवढाच त्या फेरीचा हेतू.

"घोडीना पाय म्हंजे घोडी, साहेब," ते मला म्हणायचे. "खूर गया का घोडी गयी."

शहाद्याच्या बँकेत माझी बदली झाली तेव्हा प्रकाशा रस्त्यावरच्या त्यांच्या घराची वरची खोली मला मिळाली. खिडकीखाली मैना बांधलेली असायची. खोली दाखवताना आप्पांनी मला नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं नाही. मैनाला दुपारी झोप लागते, तेव्हा जिन्यावरून पाय आपटत उतरू नये, हे मात्र सांगितलं. मी तेव्हापासून चपला हातात घेऊन उतरायला लागलो. अपराधी वाटून घ्यायला मी एरवीही तयारच असतो. कुणी शिंकलं तरी आपल्यामुळेच शिंकलं असावं असं मला वाटतं.

आप्पा तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातले. केळी, पपई, थोडा ऊस. माणूस सुखवस्तू, अंगाने भरलेला, आवाज असा की शेजारच्या वावरातले मजूर दचकून कामाला लागायचे. पण मैनाशी बोलताना तो आवाज एकदम लोण्यात बुडायचा. पहाटे उठून तिला खरारा करायचे. ब्रशाने आधी मान, मग पाठ, मग पोट, केसांच्या दिशेने, घाई न करता. मग चारी खूर उचलून, वाकड्या आकडीने त्यातली माती काढून, तळव्याचा वास घ्यायचे. हो, वास. खूर सडायला लागला तर डोळ्यांआधी नाकाला कळतं म्हणे. तिच्या चंदीत भिजवलेले हरभरे किती, कोंडा किती, गूळ किती, हे ते मोजून घालायचे. जरा जास्त गूळ पडला तर बायकोवर, म्हणजे आमच्या काकूंवर, ओरडायचे, "शुगर व्हई तिले!"

आणि मग स्वतः खाटेवर बसून बशीत चहा ओतायचे. त्या चहात चमचा उभा राहिला असता.

कारण आप्पांना साखरेचा आजार होता. पण आप्पांना विमाही होता.

तो विमा मीच दिला होता. हे गावभर माहीत होतं, कारण आप्पाच ते सांगत फिरायचे. बँकेत आम्हाला मार्चमध्ये ठेवी, कर्ज आणि माणसांची तब्येत, तिन्हींचं टार्गेट असतं. मी वरच्या खोलीतून खाली उतरलो आणि पहिलं गिऱ्हाईक समोर खाटेवर बसलेलं होतं. साखर आहे हे मी प्रामाणिकपणे नोंदवून घेतलं. त्यामुळे साखरेशी संबंधित आजारांना काही वर्षं थांबावं लागेल, हेही सांगितलं. आप्पांनी मान डोलावली. घोडं विकत घेतलं तरी पहिल्या दिवशी बसता येत नाही, असं काहीतरी म्हणाले.

ती मुदत संपून साखरही विम्यात आली त्या दिवशी आप्पा शाखेत आले. हातात किलोभर जिलेबी.

"काय विशेष, आप्पा?"

"आजपासून शुगर बी इमामा उनी. तोंड गोड करा, साहेब!"

कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी तोंड गोड केलं. आप्पांनी दोनदा केलं. मीही एक उचलली. मला ते शोभत नव्हतं हे कळत होतं. पण नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि खाल्ली तर त्यांच्या आजारात मी सामील झालो. मी खाल्ली. दोन अपराधांत गोड असेल तो मी निवडतो.

आप्पांनी विम्याचं कार्ड प्लास्टिकमध्ये मढवून देवघरात ठेवलं होतं. दिवाळीला लक्ष्मीपूजनात त्यालाही हळदकुंकू लागायचं. त्यांच्या डोक्यात हिशेब स्पष्ट होता. मैनाचा विमा नाही, म्हणून मैनाला जपलं पाहिजे. आपला विमा आहे, म्हणून आपल्याला जपायची गरज नाही. जपणं आणि विमा दोन्ही करणं म्हणजे विहीर असताना टँकर मागवण्यासारखं. मी एकदा त्यांना म्हणालो, "आप्पा, विमा आजार बरा करायला पैसे देतो, आजार थांबवत नाही." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी आपल्याच दुकानाची निंदा करत होतो. करतही होतो.

जनावरांचे डॉक्टर मैनाला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला आले होते, तेव्हाची गोष्ट. मैनाला नुसती शिंक आली तरी हे डॉक्टर मोटरसायकलवर हजर व्हायचे. इंजेक्शन देऊन झाल्यावर ते आप्पांकडे बघून म्हणाले, "आप्पा, घोडी झकास शे. पन तुमनं तोंड सुकेल दिखस. रक्त तपासी ल्या."

"तुमी घोडाना डॉक्टर. घोडापुरतं बोला."

"तुमी चालत जा जरासं, आप्पा. रोज."

"मी चालू? मंग घोडी कसाले पाळेल शे?"

काकू आतून चहा घेऊन येत होत्या. बोलायच्या कमी, पण जे बोलायच्या ते जिव्हारी बसायचं. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "डॉक्टर, त्यास्ले काही सांगू नका. पुढला जलमले घोडी व्हतीन, तवय तरी ह्या घरमा त्यास्नी निगा ऱ्हाई."

आप्पा खूश होऊन हसले. त्यांना ती स्तुती वाटली असावी.

खूर कसा उचलायचा हे आप्पांनी मला शिकवलं, तेही माझ्या मनाविरुद्ध. रविवारी मी खिडकीत उभा होतो. त्यांनी हाक मारली. "साहेब, खाले या. बँकमा बशी बशी तुमनं पोट दखा. घोडीसंगे ऱ्हावा जरा." माझं पोट खरोखरच टेबलाच्या कडेपर्यंत पोचलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. चालायला म्हणून घेतलेले बूट खोक्यात तसेच होते. बँकेने सगळ्या कर्मचाऱ्यांचा विमा काढलेला, मग घाई कशाला? तेव्हा आप्पांना हसायचा अधिकार मला नव्हता. मी खाली गेलो.

"दखा. तिना मव्हरे उभं ऱ्हावानं नही. बाजूले. हात पाठवरतीन फिरवत खाले आना. तिले समजाले पाहिजे, कोन शे ते. मंग पायना मांगे दोन बोटं टकटक. अन म्हना, दे."

मी म्हणालो, "दे." मैनाने ढुंकून पाहिलं नाही.

"मागी ऱ्हायनात का हुकूम सोडी ऱ्हायनात? कर्जना हप्ता नही शे तो. जीव लाईसन म्हना."

मी पुन्हा हात फिरवला, टकटक केलं, आणि शक्य तेवढा जीव लावून म्हणालो, "दे, मैना." तिने एक उसासा टाकला आणि पाय उचलून माझ्या तळहातावर ठेवला. एवढं मोठं जनावर, आणि पाय असा ठेवला की जणू काही ठेव ठेवली. मला उगाचच भरून आलं. आप्पा म्हणाले, "आते वास ल्या." मी घेतला. चांगला होता की वाईट, मला कळलं नाही. मी चांगला म्हटलं.

त्या वर्षी आप्पांच्या मनात एकच होतं. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत मैनावर स्वतः बसायचं. विकायची नव्हती, नुसती दाखवायची होती. चार पायांना पांढरे मोजे, कपाळावर पांढरा पट्टा, अशी पंचकल्याणी घोडी, आणि तिची ती रेवाल चाल, जिच्यात वर बसलेल्याच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हलत नाही. देशभरचे घोडेवाले बघत असताना त्या चालीवर एकदा मैदानाला फेरी मारायची, एवढीच इच्छा. नव्या फेट्याचं कापड रंगाऱ्याकडे गेलं होतं. दिवाळी संपली आणि नालबंद नवे नाल ठोकायला आला.

नालबंद म्हणजे खिळे तोंडात धरून काम करणारा माणूस. ओठांत खिळ्यांची रांग, हातात हातोडी, मांडीवर घोडीचा पाय. अशा माणसाला प्रश्न विचारू नये. पण आप्पांनी विचारलं, यात्रेत यंदा पंजाबचे घोडे येणार का. तो "हा" म्हणाला आणि एक खिळा तोंडातून सुटला.

मग त्या खिळ्याचा शोध सुरू झाला. मैनाला बाहेर निंबाखाली बांधलं. काकूंनी झाडून काढलं. नालबंदाने गुडघ्यावर बसून माती चाळली. खिळा नाही. आप्पा दुपारभर, जेवायचं सोडून, अंगणात येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी मी बँकेतून आलो तरी ते चुंबक घेऊन फिरतच होते. चेहरा असा, की घरातलं माणूस हरवलं असावं.

"घोडी आत आनता येत नही, साहेब. खिया सापडाले पाहिजे."

ते बोलायला थांबले. सुतळीवरचं चुंबक झोका घेऊन त्यांच्या पायाकडे गेलं आणि चपलेच्या तळाला टक्कन चिकटलं.

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. आप्पांनी पाय उचलला, तर चुंबक पायाबरोबर वर आलं. जाड रबरी चपलेच्या तळातून खिळ्याचं डोकं बाहेर दिसत होतं. बाकीचा खिळा चपलेतून आरपार आप्पांच्या तळव्यात होता. दुपारपासून तोच खिळा पायात घेऊन ते खिळा शोधत होते.

"सापडना!" आप्पा ओरडले. "अवं, खिया सापडना! आन घोडी आत!"

काकू धावत आल्या. चपलेत रक्त वाळून काळं झालं होतं. "दुखनं नही तुमले?"

"जरासं बी नही!" ते अभिमानाने म्हणाले. आपला पाय किती चिवट, असा त्यांचा भाव होता. मलाही, खरं सांगतो, हायसं वाटलं. दुखत नाही म्हणजे फार काही नाही, असं मी मनाला सांगितलं. साखरेने पायातली जाणीवच संपते आणि न दुखणं हीच खरी वाईट बातमी असते, हे नंतर सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आम्ही त्या बातमीवर हळद लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी मागे लागलो. माझं मागे लागणं म्हणजे दारात उभं राहून चुळबुळणं. "आप्पा, स्कूटरवर बसा, शहाद्यात दाखवून येऊ."

"कसाले?"

"जखम आहे. साखर आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन तरी घ्या."

काकूंनी आतून साथ दिली. "घोडीना डॉक्टरले बलावू का? तेना हातनी घेशात?"

आप्पांनी आम्हा दोघांना शांत केलं आणि मला माझाच नियम समजावून सांगितला. "साहेब, तुमीच सांगं व्हतं. दवाखानामा रातभर झोपनं पडस, तवय पैसा भेटतस. बरोबर?"

"बरोबर, पण..."

"मंग हाई एवढीशी जखम. येले कोन भरती करी? मलम दी, पट्टी बांधी, घर धाडी. गया ना खिसामाईन? इमा शे ना आपला. जरासी वाढू द्या तिले."

मी विमा विकताना खूप उदाहरणं दिली होती. हे उदाहरण माझ्या पुस्तिकेत नव्हतं. जखम मोठी होऊन दाखल करण्यालायक होईल, याची वाट बघणारा माणूस. एखाद्या पोराला पहिलीत घालायला वय भरायची वाट पाहावी तसे आप्पा आपल्या जखमेचं वय भरायची वाट बघत होते. रोज सकाळी मैनाचे चारी खूर उचलून बघायचे, वास घ्यायचे, नव्या नालांवरून अंगठा फिरवायचे. आणि स्वतःच्या पायाला काकूंचं जुनं लुगडं गुंडाळून, वर मोजा चढवून, यात्रेची तयारी करायचे. मी पट्टी सोडून बघायचा आग्रह धरला की म्हणायचे, "यात्रा व्हऊ द्या." म्हणजे आधी वाढू द्या, मग होऊ द्या. मी वरच्या खोलीत जाऊन बसायचो आणि आपण काहीतरी केलं पाहिजे असं वाटून घ्यायचो. ते वाटून घेण्यात बराच वेळ जायचा.

शेवटी त्यांना माझंही ऐकायचं नव्हतं आणि काकूंचंही. त्यांनी ऐकलं ते मैनाचं. यात्रा तोंडावर आली होती. त्या सकाळी ते खरारा करायला गेले. मैनाने नेहमीसारखं नाक त्यांच्या खिशाकडे नेलं, गूळ शोधत. मग मान खाली घातली. त्यांच्या पायाशी नाक नेलं, कान मागे टाकले, फुरफुरली आणि दावं ताणून मागे सरकली. आप्पा एक पाऊल पुढे गेले. ती आणखी मागे गेली. ज्या माणसाच्या हातात ती डोळे मिटून पाय द्यायची, त्याला ती जवळ येऊ देईना.

आप्पा तिथेच मातीत बसले. मोजा काढला, लुगडं सोडलं. मी जिन्यावर होतो, वास तिथवर आला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घाम आला होता, डोळे तापाने लाल होते. आणि तशाही अवस्थेत ते म्हणाले,

"साहेब, आते करतीन भरती."

केली. सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात केली. आणि मला इथे अगदी खरं सांगायचं आहे, कारण लोकांना वाटतं विमेवाले फसवतात. विम्याने आप्पांना फसवलं नाही. कार्ड दाखवलं, मोबाइलवर मंजुरी आली, खोली वातानुकूलित मिळाली, खिडकीतून सुरतेचा पूल दिसत होता. पायाची बोटं आणि पुढचं निम्मं पाऊल कापलं, त्याचे सगळे पैसे दिले. भूल देणाऱ्याचे दिले, कापणाऱ्याचे दिले, पट्टीचे दिले. घरी येताना आप्पांच्या मांडीवर दवाखान्याने दिलेला पुष्पगुच्छ होता. विम्याने ठरलेलं सगळं दिलं. पाऊल देणं ठरलेलं नव्हतं.

"एक रुपया लागना नही!" आप्पा येईल त्याला सांगायचे. "ह्या साहेबनी वाचाडं माले!" एकच खंत त्यांना होती. इतकी वर्षं दावा केला नव्हता म्हणून विम्याची रक्कम वाढत होती, ती वाढ आता कमी होणार. "बोनस गया," म्हणायचे, बघायला आलेल्या माणसांना. माणसं खाली त्यांच्या पायाकडे बघायची आणि हळहळायची. बोनससाठी असेल.

त्यातली बरीच माणसं मग बँकेत आली. आप्पांना दिला तसाच विमा पाहिजे म्हणाली. त्या मार्चला आमच्या शाखेचं टार्गेट ओलांडलं गेलं आणि विभागीय कार्यालयात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी ती शाल आजवर पांघरलेली नाही. फेकलेलीही नाही.

पण यात्रेचं सांगायचं राहिलं. यात्रा पंधरवडाभर चालते, तिच्या शेवटच्या दिवसांत आप्पा गेलेच. जीपमधून गेले, मैना टेम्पोतून. मैनावर बसायचं तर आता रिकिबीत अडकवायला पावलाचा पुढचा भागच नव्हता. नवा फेटा बांधून ते मैनाशेजारी खुर्चीवर बसले, गुडघ्यांवर घोंगडी. बाहेरगावचे दोन घोडेवाले थांबले. एकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाय उचलला, खुरावर अंगठा दाबला, दुसऱ्याला दाखवला. दुसरा वाकून म्हणाला, "क्या पैर रखे हैं घोड़ी के! मालिक हो तो ऐसा हो."

आप्पांनी ऐकलं. एरवी अशा वाक्यावर त्यांनी अख्ख्या मैदानाला चहा पाजला असता. मी शेजारी उभा होतो, म्हणून मला दिसलं. त्यांनी घोंगडीचं टोक हळूच खाली ओढलं आणि पट्टी झाकली. येताना जीपमध्ये ते एकदाही म्हणाले नाहीत, की एक रुपया लागला नाही.

सुरतेच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, दुसरा पाय रोज उचलून तळवा बघा, बोटांच्या मध्ये बघा. आप्पांना वाकता येत नव्हतं. काकूंना जवळचं दिसत नव्हतं. मी बघतो म्हटलं की आप्पा पाय पोटाशी घ्यायचे. "ऱ्हाऊ द्या, साहेब. बँकना मानूस तुमी. इमा शे ना."

यात्रेहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाटेवर बसले होते, तोंड मैनाकडे करून. मी खाली उतरलो. विचारलं नाही. समोर न जाता बाजूला बसलो. गुडघ्यावर हात ठेवला, पोटरीवरून खाली आणला, म्हणजे त्यांना समजावं कोण आहे ते. घोट्याच्या मागे दोन बोटांनी टकटक केलं आणि म्हणालो, "द्या, आप्पा."

आप्पांनी आधी मैनाकडे पाहिलं. मग त्यांनी एक उसासा टाकला आणि पाय उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

मी उजेडात तळवा बघितला, बोटं फाकवून बघितली, वास घेतला. या वेळी कळला. चांगला होता.

काकू ओट्यावरून बघत होत्या. "पुढला जलम लवकर उना वं माय," त्या म्हणाल्या.

आप्पा हसले नाहीत. पाय मात्र त्यांनी काढून घेतला नाही.